एका सुनेची व्यथा

ऑफिसात त्यांना सगळे टिपणीबाई म्हणत. फाइल कितीही गुंत्याची असो, बाई वर चार ओळींची टिप्पणी अशी लिहायच्या की साहेबांना बाकीची फाइल उघडायची गरजच पडू नये. बावीस वर्षं नोकरी झाली होती, त्यातली अठरा याच मजल्यावर. स्वभाव शांत, पण एखादी गोष्ट मनावर घेतली की सोडायच्या नाहीत. मजल्यावरच्या बायकांच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नव्हती. सात वर्षं बायका जोडीनं जायच्या, एक आत आणि एक दार धरून बाहेर. सात वर्षं बाईंनी अर्ज केले आणि शेवटी कडी बसवून घेतली. टायपिस्ट म्हणाली, "आता दारावर तुमच्या नावाची पाटीच लावू या." बाईंना हसू आलं आणि रागही आला. एका कडीला सात वर्षं!

त्या वर्षी सरकारनं एक विधेयक आणलं. आपण स्त्री की पुरुष हे माणसानं स्वतः लिहून दिलं की सरकारी कागदावर तेच मानायचं, त्यासाठी डॉक्टरांच्या मंडळाचं प्रमाणपत्र नको, असं त्यात होतं. टीव्हीवर रोज संध्याकाळी सहा डोकी सहा चौकटींत बसून एकमेकांवर ओरडू लागली. एक बाजू म्हणे, माणसाला माणूस म्हणून जगू द्या. दुसरी म्हणे, मग बायकांसाठी राखलेल्या जागांचं काय? दोन्ही प्रश्न खरे होते, आणि शांतपणे बसून बोललं तर बोलता येण्यासारखे होते. पण शांत बसायला कुणी आलंच नव्हतं.

विधेयकासाठी नेमलेल्या समितीनं लोकांकडून हरकती आणि सूचना मागवल्या. महिन्याभरात अकरा हजार पत्रं आली आणि ती वाचून लावायचं काम बाईंच्या टेबलावर येऊन पडलं. तीन ट्रे होते. 'बाजूने', 'विरोधात' आणि 'इतर'. टेबलाखाली एक पुठ्ठ्याचा खोका. अश्लील, शिवराळ मजकूर त्यात टाकायचा आणि वहीत लिहायचं, 'नोंदयोग्य नाही'. पहिल्या आठवड्यातच टायपिस्टनं त्या खोक्याचं नाव गटार ठेवलं.

बाईंना वाटलं होतं, गटारात चार-दोन कागद पडतील. तिसऱ्या दिवशी दुसरा खोका मागवावा लागला.

'विरोधात'ची पत्रं बहुतेक पुरुषांची असत. सुरुवात ठरलेली. 'आमच्या आयाबहिणींच्या अब्रूसाठी.' पुढे दोन-तीन पानं, स्वच्छतागृहात काय काय होऊ शकेल याचं वर्णन. लिहिणाऱ्याला लिहिताना मजा आलेली असायची. ते कागदावर कळतं. अक्षर भरभर धावायला लागतं, पेन रुतत जातं. काहींनी चित्रं काढली होती. एका पाकिटातून कागदाबरोबर असं काही निघालं की बाई उठल्या आणि कोपरापर्यंत हात धुऊन आल्या.

'बाजूने'च्या ढिगातही पुरुष कमी नव्हते. टीव्हीवर विधेयकाला विरोध करणाऱ्या एका वकील बाईबद्दल एकानं लिहिलं होतं, तिला कुठे गाठावं, किती जणांनी गाठावं, आधी काय करावं आणि नंतर काय. खाली सही होती, 'समता आणि प्रेमासह'. बाईंनी ती ओळ दोनदा वाचली. मग कागद खोक्यात सोडला. त्या दिवशी डबा उघडला आणि तसाच बंद केला.

"दोन्हीकडून बाईलाच फाडायचंय," त्या टायपिस्टला म्हणाल्या. "फक्त झेंडा वेगळा."

या चिखलात दोन पत्रं मात्र अशी आली की बाईंनी ती वाचून बाजूला काढून ठेवली.

एक होतं बायकांचं आसराघर चालवणाऱ्या बाईचं. तिनं लिहिलं होतं, 'आमच्याकडे अठरा जणी आहेत. त्यातली एक अजूनही पुरुषाचा आवाज आला की पलंगाखाली जाऊन बसते. मला कुणाचाही द्वेष नाही. ज्यांच्यासाठी हा कायदा आहे त्यांनीही मार खाल्लाय, हे मला माहीत आहे. पण आमच्या दारात कुणाला घ्यायचं हे कोण ठरवणार, आणि खोटं लिहून देणारा कुणी आला तर मी त्याला कोणत्या कलमाखाली अडवू, एवढं एका ओळीत लिहा.'

दुसरं बसच्या तिकीट खिडकीवर काम करणाऱ्या बाईचं. जन्म मुलगा म्हणून झालेला. 'गेली नऊ वर्षं मी बाई म्हणूनच राहते. कामावर असताना पाणी पीत नाही, म्हणजे जावं लागत नाही. पुरुषांच्या बाजूला गेले तेव्हा काय झालं ते मी लिहीत नाही. प्रमाणपत्रासाठी तीन डॉक्टरांपुढे कपडे काढले. तिसऱ्यानं शेजारच्या खोलीतून आणखी दोघांना बघायला बोलावलं. मला कुणाची जागा बळकावायची नाही. मला फक्त ते पुन्हा करायचं नाही.'

बाईंनी दोन्ही पत्रं साहेबांपुढे ठेवली. साहेब म्हणजे वाईट माणूस नव्हता, घाईतला माणूस होता.

"बाजूने की विरोधात?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही नाही, साहेब. म्हणूनच समितीपुढे जायला हवीत."

"मग 'इतर'मध्ये टाका."

"'इतर' कोण वाचतं?"

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, तुम्ही बावीस वर्षं नोकरी केलीत. मला विचारता?"

त्याच आठवड्यात, एका दुपारी, ढिगातून एक पाकीट वर आलं आणि बाईंच्या चेहऱ्यावर आपोआप हसू उमटलं. अक्षर सासऱ्यांचं होतं. शंभर पाकिटांत ओळखू यावं असं, आखल्यासारखं सरळ. सासरे निवृत्त मुख्याध्यापक. आख्खी गल्ली त्यांना सर म्हणायची. चालता चालता लोक थांबून नमस्कार करत. बाईंची दहा वर्षांची लेक रोज संध्याकाळी त्यांच्यासमोर बसून अक्षर गिरवायची. बाईंना वाटलं, चला, एक तरी पत्र शुद्ध भाषेत, मुद्द्याला धरून असेल. त्यांनी पाकीट जरा अभिमानानंच फोडलं.

पहिलं पान ठीक होतं. संस्कृती, मर्यादा, समाजाची घडी. दुसऱ्या पानावर होतं, 'माझी स्वतःची सून सरकारी कचेरीत नोकरीस आहे. ती भयभीत आहे. रोज रडत घरी येते.' बाई चमकल्या. त्या कधी रडत घरी गेल्या नव्हत्या. पुढे स्वच्छतागृह आलं. कडी नसलेलं. ती हकिकत बाईंनीच जेवताना कधीतरी सांगितली होती. सरांनी ती उचलली होती आणि सून आत गेल्यावर काय काय दिसेल ते लिहिलं होतं. 'भरल्या अंगाची' असा शब्द होता. त्याच्यापुढे पाऊण पान होतं. एकही काना-मात्रा चुकलेली नव्हती.

खाली पूर्ण नाव, पत्ता, 'निवृत्त मुख्याध्यापक'.

बाईंच्या अंगावर शहारा आला तो आधी मानेवर, मग पाठीवरून खाली. सोळा वर्षं त्या घरात त्या वाकून केर काढत होत्या, ओले केस पुसत होत्या, तापात पडून राहत होत्या. सोळा वर्षं बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीत वर्तमानपत्र धरून हा माणूस बसलेला होता. आता प्रत्येक दिवस उलटा फिरून समोर यायला लागला.  टायपिस्टनं विचारलं, "काय झालं हो?" बाई म्हणाल्या, "काही नाही," आणि झेरॉक्स मशीनकडे गेल्या. मूळ पत्र नियमाप्रमाणे गटारात टाकलं. वहीत लिहिलं, 'नोंदयोग्य नाही'. अक्षर त्यांनी नीट काढलं.

घरी गेल्यावर त्यांनी लेकीला शेजारी खेळायला पाठवलं. सर खुर्चीत, सासूबाई भाजी निवडत, नवरा नुकताच येऊन मोजे काढत होता. बाईंनी झेरॉक्स सरांपुढे धरली.

"बाबा, वाचून दाखवा."

सरांनी कागद ओळखला. क्षणभरच चेहरा उतरला. मग घसा खाकरला.

"अगं सूनबाई, हे तुमच्याच रक्षणासाठी. लिहिताना थोडी अतिशयोक्ती करावी लागते. त्याशिवाय वाचणाऱ्याच्या काळजाला भिडत नाही."

"मग वाचा ना. आईंच्या काळजाला भिडू दे."

"काय चाललंय?" नवरा उठला, कागद घेतला, वाचता वाचता त्याचे कान लाल झाले. त्यानं कागद घडी करून खिशात घालायचा प्रयत्न केला. "जाऊ दे ना. वय झालंय त्यांचं. घरातली गोष्ट घरात."

"घरातली गोष्ट त्यांनी सरकारला पाठवलीय," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "बाबा, लग्नानंतर दुसऱ्या वर्षी ऑफिसात एकानं माझा हात धरला होता. मी तक्रार करते म्हटलं तेव्हा तुम्ही काय म्हणालात? बाईनं असल्या गोष्टी तोंडातून काढू नयेत, घराची अब्रू जाते. तेव्हा माझ्या रक्षणासाठी तुम्हाला एक ओळ लिहावीशी वाटली नाही."

 सासूबाईंनी हात पदराला पुसले, मुलाच्या हातातून कागद ओढून घेतला आणि चष्मा लावला. त्यांचं वाचणं हळू, बोट ओळीखाली सरकवत.  'भरल्या अंगाची'पाशी बोट थांबलं. मग पुन्हा सरकलं, शेवटपर्यंत.

"अक्षर मात्र छान आहे तुमचं," त्या सरांना म्हणाल्या. भाजीची परात उचलून आत गेल्या. त्या रात्रीपासून त्या नातीच्या खोलीत झोपू लागल्या.

सर मात्र सुनेच्या मागे स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, "ते पत्र छापून येईल का गं? नावासकट? तुझ्याच हातात आहे. काढून टाक."

लाज कुठेच नव्हती. भीती होती, तीही नावाची.

"काढलंय, बाबा," बाई म्हणाल्या. "असल्या पत्रांसाठी तिथे खोका ठेवलाय."

सरांनी सुटकेचा श्वास टाकला, आणि त्या श्वासाचीच बाईंना सगळ्यात जास्त किळस आली. त्या दिवसापासून लेकीचं अक्षर गिरवणं बंद झालं. बाई आणि सासूबाई आधी जेवून घ्यायच्या. सरांसाठी ताट झाकून ठेवलं जायचं.

पंधरा दिवसांनी समितीच्या अहवालाचा मसुदा टंकायला आला. टायपिस्टनं मान वळवली. "बाई, हे बघा. 'महिलांच्या भावना' म्हणून भाग आहे. वाईट वाटतं हो वाचून."

भागाचं उपशीर्षक होतं 'एका सुनेची व्यथा'. खाली अवतरणात वाक्य होतं, 'माझी स्वतःची सून सरकारी कचेरीत नोकरीस आहे. ती भयभीत आहे. रोज रडत घरी येते.' त्याच्या पुढच्या पानावर, दुसऱ्या बाजूचा आवाज म्हणून, 'समता आणि प्रेमासह'वाल्या इसमाची दोन गोड वाक्यं होती. बाईंच्या खोक्यात पडण्याआधीच सगळी पत्रं आवक विभागात स्कॅन होऊन गेली होती आणि कुणीतरी त्यातली सभ्य वाक्यं वेचून घेतली होती. महिलांच्या भावना! सहा उताऱ्यांपैकी पाच पुरुषांचे.

बाई मसुदा घेऊन साहेबांकडे गेल्या.

"साहेब, ती सून मी आहे. हे खोटं आहे."

साहेबांनी वाचलं, बाईंकडे पाहिलं, पुन्हा वाचलं. "अरेरे. पण बाई, वाक्यात आक्षेपार्ह काय आहे?"

"खोटं आहे ते."

"खरं-खोटं करायला आपण काय कोर्ट आहोत? नाव तर छापलेलं नाही."

"मग दुरुस्तीचं पत्र देते."

"कर्मचाऱ्याला मत देता येत नाही."

"मत नाही देत. मी रडत घरी जात नाही, एवढंच कळवते."

साहेब हसले, आणि मग हसू आवरलं. "सुनावणीला चार दिवस राहिलेत. आता पानं हलवायची नाहीत. जा, चहा घ्या."

बाईंनी चहा घेतला नाही. त्यांनी 'इतर' ट्रेच्या तळातून ती दोन पत्रं काढली आणि पर्समध्ये ठेवली. ती एक झेरॉक्स सोडली, तर नोकरीत त्यांनी नियम मोडल्याचा तो पहिला प्रसंग.

सुनावणी मोठ्या सभागृहात होती. डावीकडे एक गट, उजवीकडे एक, हातात फलक, मागे कॅमेरे. बाई कागदपत्रं घेऊन अध्यक्षांच्या मागच्या रांगेत बसल्या होत्या, ऐन वेळी हवी ती फाइल पुढे करायला. अध्यक्ष वयस्कर, आवाज कमावलेला. त्यांनी मसुदा वाचायला घेतला आणि त्या भागापाशी येऊन आवाज मुद्दाम खाली आणला.

"'माझी स्वतःची सून... ती भयभीत आहे...' ही व्यथा आपल्याला विसरून चालणार नाही."

"ती सून मी आहे," बाई उभ्या राहून म्हणाल्या.

सगळ्या माना वळल्या. अध्यक्षांना वाटलं, ही व्यथा सांगायलाच उठली आहे. त्यांनी स्वतःचा माइक पुढे केला.

"मी भयभीत नाही," बाई म्हणाल्या. "रडत घरी गेलेली नाही. ज्यांनी हे लिहिलं त्यांनी पुढे माझ्या शरीराबद्दल पाऊण पान लिहिलंय, ते तुम्ही गाळलंत. माझ्या मजल्यावर बायकांच्या स्वच्छतागृहाला कडी नव्हती. सात वर्षं अर्ज केले मी. तेव्हा माझ्या अब्रूसाठी एकही पत्र आलं नाही, ना या बाजूच्या माणसाचं, ना त्या. आता बायकांचं म्हणणं ऐकायचंच असेल तर माझ्याकडे दोन पत्रं आहेत."

त्यांनी आधी आसराघराचं पत्र वाचायला घेतलं. पलंगाखाली बसणाऱ्या बाईपाशी आल्या तेव्हा डावीकडून कुणीतरी ओरडलं, "भीतीचं दुकान बंद करा!" टाळ्या पडल्या. बाईंनी पान बदललं. तिकीट खिडकीवरच्या बाईचं पत्र. 'कामावर असताना पाणी पीत नाही...' उजवीकडे एक जण खदखदून हसला. त्याच्या शेजारच्या बाईनं तोंडावर हात धरला, पण खांदे हलत होते. तिसऱ्या डॉक्टरची ओळ वाचेपर्यंत दोन्हीकडचा गलका एक झाला होता. अध्यक्षांनी माइक बंद केला.

बाई उघड्या तोंडानं उभ्या राहिल्या. त्यांनी अकरा हजार पत्रं वाचली होती, पण ती लिहिणारे चेहरे एकगठ्ठा आजच पाहिले. चांगले कपडे, विंचरलेले केस, कुणाच्या मांडीवर लेकरू.

बाहेर पायऱ्यांवर गळ्यात रुमाल बांधलेला एक तरुण धावत आला. "काय सुनावलंत हो त्यांना! एक छोटा व्हिडिओ करू या?"

"ही दोन्ही पत्रं आधी पूर्ण ऐकाल?"

"दुसरं वाचा. पहिल्यानं आपला मुद्दा कमकुवत होतो."

त्याला ओलांडून त्या पुढे गेल्या, तर दुसऱ्या गटाच्या एक प्रौढ बाई वाट अडवून उभ्या. "स्वतः बाई असून बायकांच्या मुळावर उठलात. कुणी शिकवून पाठवलं?"

"आसराघराचं पत्र तुमच्याच बाजूचं आहे. वाचाल?"

"आम्हाला सगळं माहीत आहे," त्या म्हणाल्या आणि कॅमेऱ्याकडे वळल्या.

टिपणीबाई घरी चालत गेल्या. वाटेत दोनदा थुंकावंसं वाटलं.

पुढे व्हायचं तेच झालं. कारणे दाखवा नोटीस आली. बाईंची बदली तळघरातल्या जुन्या दप्तरात झाली. विधेयक 'अधिक विचारार्थ' परत गेलं. अहवालातून सुनेची व्यथा काढली, पण तिथे दोन पत्रांतलं काही आलं नाही. आठवडाभर बाईंचा चेहरा सगळ्यांच्या फोनवर फिरला. एकीकडे त्या वाघीण होत्या, दुसरीकडे विकल्या गेलेल्या. नवरा म्हणाला, "मिळवलंस काय?"  

गल्लीतले लोक सरांना नमस्कार करायचे थांबले नव्हते. फक्त थोडे लांबून करू लागले. सर म्हणत, "सुनेनं माझ्या शब्दांचा विपर्यास केला."

एका रविवारी सकाळी दारावर टकटक झाली. पस्तिशीची, साध्या कपड्यांतली बाई. परिचारिका होती. ड्यूटीवरून तशीच आली असावी, पायात पांढरे बूट. म्हणाली, "मी सरांच्या शाळेत होते. आठवीत." बाईंनी बाहेरच्या खोलीकडे हात केला. "आहेत. या ना."

"त्यांच्याकडे नाही आले." ती दारातच उभी राहिली. "फोनवर तुम्हाला पाहिलं. सरांचं ते पत्र तुमच्याकडे आहे का? पूर्ण?"

 बाईंनी कपाटातून झेरॉक्स काढून आणली. तिनं ती उभ्याउभ्याच वाचली. दुसऱ्या पानावर पोहोचल्यावर तिनं चौकटीला हात टेकला.

"तास संपल्यावर थांबवून घ्यायचे आम्हाला. निबंध तपासायला," ती म्हणाली. "हेच शब्द. हाच आवाज. कधी हात लावला नाही, म्हणून सांगायला काही नव्हतंच. इतकी वर्षं मला वाटायचं, माझंच मन घाण आहे."

 बाईंच्या पाठीमागे सासूबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या पुढे झाल्या, त्या पोरीचा हात धरून तिला आत, स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि पाण्याचा तांब्या तिच्यापुढे ठेवला. तिघी बराच वेळ बसल्या.  निघताना तिनं विचारलं, "ही प्रत मी नेऊ?"

"न्या," बाई म्हणाल्या. "मी आणखी काढीन."

ती गेली तेव्हा बाहेरच्या खोलीतून आवाज आला, "कोण होतं गं?"

"तुमची विद्यार्थिनी."

"अरे वा! मग न भेटताच गेली?"

"हो," बाई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.